नील यंग: बँड काढणारा की बँड मोडणारा?

कॅसेटवाला_काका

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात माळा आवरताना जुन्या कॅसेटींचं खोकं सापडलं. त्यात एक कॅसेट होती, १९८८ साली फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेली, वर बॉलपेनने नुसतं 'नील यंग' लिहिलेलं, बाकी ना गाण्यांची यादी ना काही. तेव्हा मी डोंबिवलीहून नोकरीला जायचो आणि वॉकमनवर ही कॅसेट इतकी ऐकली की शेवटी टेप ताणली जाऊन गायकाला सर्दी झाल्यासारखं वाटायचं (तशी त्याला ती मुळातच आहे म्हणा). त्यातलं बी साइडचं ते वाळवंटातल्या घोड्याचं गाणं म्हणजे माझा जीव की प्राण. त्या गाण्यामुळेच मी नील यंग या कॅनडाच्या रॉक गायक-गिटारवाल्याच्या नादी लागलो.

आता रिटायर झाल्यावर सगळं नीट क्रमाने ऐकतोय आणि वाचतोय, तर एक गोष्ट छळायला लागली. हा माणूस बँड काढतो, बँड नाव कमावतो, आणि हा ऐन वेळी पळून जातो. बफेलो स्प्रिंगफिल्ड या बँडमधून गेला. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश या तिघांच्या बँडमध्ये गेला आणि तिथूनही गेला. स्टिल्सला तर दौऱ्याच्या मध्यात टाकून गेला. तरी लोक परत परत त्याला बोलावतात. तर प्रश्न असा, की याला बँड काढणारा म्हणायचं की बँड मोडणारा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

एकओळी

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अण्णा_पेणकर

काका, धागा छान, पण मला हा माणूस कधी झेपला नाही. आवाज किनरा, नाकातला, वर गिटार म्हणजे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. आमच्या होस्टेलवर एक जण रात्री दोनला लावायचा. त्याला आम्ही रूमसकट बाहेर काढला होता.

खोचक

@अण्णा, रूमसकट बाहेर कसा काढला ते कळलं तर वेगळा धागा काढा, तो जास्त चालेल.

विनिपेगची_वैनी

अरे वा, आमच्या गावच्या पोराचा धागा! म्हणजे जन्म टोरांटोचा, १२ नोव्हेंबर १९४५, पण आईवडील वेगळे झाल्यावर आईबरोबर इथे विनिपेगला आला आणि गिटारचं वेड इथेच वाढलं. वडील स्कॉट यंग कॅनडातले नावाजलेले पत्रकार, हॉकीवर लिहायचे. लहानपणी १९५१ साली नीलला पोलिओ झाला होता, पुढे मधुमेह, मग फिट्स. एवढं सगळं अंगावर घेऊन पोरगं केल्व्हिन हायस्कूलमध्ये 'स्क्वायर्स' नावाचा बँड काढतं. १९६३ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली, दोन्ही बाजूंना नुसती वाद्यं, गाणं नाहीच.

आणि काका, तुमच्या प्रश्नाचं मूळ इथल्या हिवाळ्यात आहे असं माझं ठाम मत आहे. उणे तीस-पस्तीसमध्ये माणूस एक तर घरात बसून गिटार शिकतो नाही तर गाडी काढून पळून जायची स्वप्नं बघतो. त्याने दोन्ही केलं. गाडी कुठली, तर शववाहिनी! जुनी ब्यूक, नाव ठेवलं 'मॉर्ट'. मागे शवपेटी सरकवायला रूळ असतात ना, त्यावरून अँप आणि ड्रम सटासट आत-बाहेर करता यायचे म्हणे.

एकओळी

स्वर्गरथातून ऑर्केस्ट्रा. हसून हसून पुरेवाट.

सानिका_७

वैनी थांबू नका, पुढे? मॉर्टचं काय झालं?

विनिपेगची_वैनी

मॉर्टचं जे नावात होतं (फ्रेंचमध्ये मॉर्ट म्हणजे मेलेला) तेच झालं :) १९६५ मध्ये ऑन्टारिओत ब्लाइंड रिव्हर नावाच्या गावात गाडीने मान टाकली. पुढे त्या गाडीवर त्याने 'लाँग मे यू रन' लिहिलं. लोकांना वाटतं प्रेयसीवर आहे.

पण त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. इथून सातशे किलोमीटरवर फोर्ट विल्यम, आता त्याला थंडर बे म्हणतात, तिथे स्क्वायर्स वाजवत असताना एका अमेरिकन पोराची गाठ पडली. तो म्हणजे स्टीफन स्टिल्स. दोघांची तिथेच गट्टी जमली आणि दोघं दोन दिशांना गेले.

मग नील टोरांटोला. तिथे 'मायना बर्ड्स' नावाच्या बँडमध्ये. मायना म्हणजे आपली मैनाच, शब्द आपल्याकडूनच गेलाय. त्या बँडचा गायक कोण? रिक जेम्स! हो तोच, पुढचा फंकवाला. नील यंग आणि रिक जेम्स एका बँडमध्ये, आणि रेकॉर्डिंग चक्क मोटाउन या नामांकित रेकॉर्ड कंपनीत, डेट्रॉइटला. पण रिक अमेरिकन नौदलातून पळालेला होता. ते उघडकीला आलं, तो गेला आत आणि १९६६ च्या सुरुवातीलाच मैना उडाली.

काका, हा बँड नीलने नाही मोडला बरं का. हा नौदलाने मोडला.

कॅसेटवाला_काका

वैनी, दंडवत! ही मैनेची भानगड मला माहीतच नव्हती. एक बँड त्याच्या खात्यातून वजा.

बे_एरिया_बंड्या

पुढचं मी सांगतो, हा माझा आवडता भाग आहे. मैना उडाल्यावर नील आणि बासवाला ब्रूस पामर यांनी काय केलं, तर बँडसाठी एका धनिकाने घेऊन दिलेली वाद्यं विकली आणि त्या पैशात अजून एक शववाहिनी घेतली, १९५३ ची पाँटिअक. (दुसरी कुठली गाडी मिळत नव्हती का याला?) आणि निघाले लॉस एंजेलिसला स्टिल्सला शोधायला. पत्ता नाही, फोन नाही. काही दिवस शोधलं, सापडेना, म्हणून कंटाळून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले, तर सनसेट बुलेव्हार्डवर ट्रॅफिक जॅम. समोरच्या बाजूने एका व्हॅनमधून स्टिल्स आणि रिची फ्युरे येत होते. त्यांना काळी शववाहिनी दिसली, ऑन्टारिओची नंबरप्लेट. स्टिल्स म्हणाला असला येडा एकच असू शकतो. गाडी वळवली, हॉर्न मारून मारून थांबवलं आणि एप्रिल १९६६ मध्ये त्या ट्रॅफिकमध्ये बफेलो स्प्रिंगफिल्ड जन्माला आला. ड्रमवर ड्युई मार्टिन आला आणि जेमतेम आठवडाभरात पहिला कार्यक्रमसुद्धा!

नाव कुठून आलं, तर रस्त्यावर उभ्या असलेल्या रोडरोलरवरून. बफेलो-स्प्रिंगफिल्ड ही रोलर बनवणारी कंपनी.

खोचक

म्हणजे पुण्यात असते तर नाव पडलं असतं 'काम चालू रस्ता बंद'.

अण्णा_पेणकर

आणि ट्रॅफिक जॅममध्ये बँड जमतो म्हणता, तर मग वाशी नाक्यावर आत्तापर्यंत चार-पाचशे बँड जमायला हवे होते.

मंद्र_पंचम

विनोद छान चाललेत पण काकांचा प्रश्न गंभीर आहे. बफेलो स्प्रिंगफिल्ड किती टिकला? दोन वर्षं. एप्रिल ६६ ते मे ६८. त्यात नील किती वेळा सोडून गेला आणि परत आला याचा हिशोब त्या पोरांनाही लागला नसेल. जून १९६७ च्या कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात, जिथे अख्ख्या जगाचे डोळे लागलेले, हा गायब. त्याच्या जागी डेव्हिड क्रॉस्बी उभा राहिला. तोवर बँडचं एकच गाणं गाजलेलं, तेही स्टिल्सचं. तीन रेकॉर्ड काढल्या, तिसरी तर बँड मोडल्यावर बाहेर आली. मला विचाराल तर हा मोडणाराच.

अवांतर: आपल्याकडे हे नवीन नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. मग टेंबे तिथूनही बाहेर पडले आणि स्वतःची शिवराज काढली. तेव्हाही लोक असेच हळहळले असणार. जिथे दोन तेजस्वी माणसं एका पडद्यामागे कपडे बदलतात तिथे फाटाफूट ठरलेली.

बे_एरिया_बंड्या

@मंद्र, तुलना भारी आहे, पण एक गोष्ट विसरताय. बफेलो फुटला म्हणून फ्युरे आणि जिम मेसिनाने पोको काढला, स्टिल्सने क्रॉस्बी आणि नॅशला धरलं आणि नील एकटा निघाला. एका रोलरखाली तीन रस्ते झाले.

ओव्हरड्राइव्ह

सगळे इतिहास सांगतायत, कोणी वाजवण्याबद्दल बोलतच नाहीये. अण्णांच्या 'पत्र्यावर खिळा' वर बोलायलाच हवं.

त्या खिळ्याचं नाव 'ओल्ड ब्लॅक'. १९५३ ची गिब्सन लेस पॉल, मूळ सोनेरी, कोणीतरी काळा रंग फासलेली. ती त्याला जिम मेसिनाकडून अदलाबदलीत मिळाली, आपली ग्रेच गिटार देऊन. त्यावर बिग्ज्बीचा दांडा, ज्याने सूर हेलकावतो, आणि ब्रिजपाशी फायरबर्ड गिटारचा छोटा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग), जो जरा मोठ्या आवाजाला लगेच कोकलायला लागतो. पुढे १९५९ चा फेंडर डिलक्स अँप. हा अँप एवढुसा, घरात वाजवायचा, आणि हा माणूस त्यावर स्टेडियम हलवतो. अँपच्या डोक्यावर एक यंत्र बसवलंय, 'व्हिझर', पायाने बटण दाबलं की ते मोटरने अँपची बटणं फिरवतं. म्हणजे पेडलने नकली फाटका आवाज काढायचा नाही, खऱ्या अँपलाच रडवायचं.

आणि 'सिनॅमन गर्ल' मधला सोलो ऐका. एकच सूर. एक. तोच तोच पुन्हा पुन्हा. मी पंधराव्या वर्षी ऐकून हसलो होतो. आता बेचाळीसचा आहे, अजून तो सूर तसा लागत नाही.

मंद्र_पंचम

एका सुरावर! याला म्हणतात षड्ज लावणे. आमचे गुरुजी पहिले सहा महिने दुसरं काही करूच देत नसत. @ओव्हरड्राइव्ह, गिटार कुठल्या सुरात लावलेली असते?

ओव्हरड्राइव्ह

दोन्ही टोकाच्या तारा ई वरून उतरवून डी ला लावलेल्या, वरची आणि खालची. म्हणून खाली सतत तानपुऱ्यासारखा भरणा राहतो. तुम्हाला आवडेल बघा. 'सिनॅमन गर्ल' च्या रेकॉर्डवर अजून दोन लांबलचक गाणी आहेत, 'डाउन बाय द रिव्हर' आणि 'काउगर्ल इन द सँड'. तिन्ही गाणी एकाच दिवसात लिहिली, अंगात १०३ ताप असताना. मला ताप आला की मी पेज मागतो.

अण्णा_पेणकर

बरं बाबा ऐकतो. कुठून सुरू करू? सोपं सांगा, वय झालंय.

सानिका_७

अण्णा, 'हार्वेस्ट' ऐका, १९७२. मी कॉलेजात असताना तेच ऐकून फॅन झाले. त्यात 'ओल्ड मॅन' आहे ते त्याने शेतावरच्या म्हाताऱ्या राखणदारावर लिहिलंय. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी कॅलिफोर्नियात मोठी जमीन घेतली, तिथला राखणदार त्याला विचारतो की एवढ्याशा पोराकडे एवढे पैसे कुठून आले, त्यातून ते गाणं. मागे लिंडा रॉनस्टॅट गातेय आणि जेम्स टेलर बँजो वाजवतोय.

खोचक

आमच्या गावात पोरगा पंचविसाव्या वर्षी जमीन घ्यायला लागला तर राखणदार नाही, आधी तलाठी विचारतो.

बे_एरिया_बंड्या

त्याच रेकॉर्डचा ग्रॅहम नॅश सांगतो तो किस्सा. नीलने त्याला रेकॉर्ड ऐकवायला बोलावलं. नॅशला वाटलं खोलीत बसून ऐकू. तर हा त्याला वल्ह्याच्या होडीत बसवून तळ्याच्या मधोमध घेऊन गेला. काठावर एका बाजूला घर, तो डावा स्पीकर, आणि दुसऱ्या बाजूला गोठा, तो उजवा स्पीकर. अख्खी रेकॉर्ड तशी वाजवली. काठावरून निर्माता एलियट मेझरने ओरडून विचारलं कसं ऐकू येतंय, तर होडीतून नील ओरडला, "गोठा वाढव!"

एकओळी

गोठा वाढव. आजपासून ही माझी सही.

अण्णा_पेणकर

हा माणूस मला आवडायला लागलाय. गोठा वाढव!

कॅसेटवाला_काका

बघा, आता अण्णाही घोड्यावर बसले. पण प्रश्न तसाच आहे. क्रॉस्बी-स्टिल्स-नॅशचं सांगा कोणीतरी.

मंद्र_पंचम

सांगतो. तिघांचं १९६९ मध्ये उत्तम चाललं होतं. मंचावर वाजवायला अजून एक माणूस हवा म्हणून अटलांटिक रेकॉर्ड कंपनीच्या अहमद एर्तेगुनने नीलचं नाव सुचवलं. म्हणजे ज्याने स्टिल्सला एकदा रडवलं त्यालाच परत घरात. त्यांचा दुसराच जाहीर कार्यक्रम म्हणजे वुडस्टॉकचा प्रचंड संगीत महोत्सव, ऑगस्ट १९६९. आणि हा तिथे कॅमेरावाल्यांना म्हणतो माझं शूटिंग करायचं नाही. म्हणून वुडस्टॉकवरच्या चित्रपटात तो दिसत नाही. बँडमध्ये असून नसल्यासारखा. हे वागणं झालं का?

विनिपेगची_वैनी

मंद्र, पण 'ओहायो' विसरलात. ४ मे १९७० ला केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने गोळीबार केला, चार विद्यार्थी गेले. क्रॉस्बीने नीलला मासिकातले फोटो दाखवले, त्याने तिथल्या तिथे गाणं लिहिलं, २१ मे ला रेकॉर्ड झालं, जूनमध्ये दुकानात. तेव्हा नॅशचं स्वतःचं गाणं चार्टवर चढत होतं, त्याच्या पायात पाय येणार हे माहीत असून चौघांनी ते बाहेर काढलं. असं काम एकट्याला नसतं जमलं, त्या चार आवाजांचंच ते होतं. असून नसल्यासारखा म्हणता तो, आणि त्या बँडचं सगळ्यात धारदार गाणं त्याचं.

मंद्र_पंचम

मान्य. पण १९७६ चं काय? स्टिल्सबरोबर रेकॉर्ड केली, दौरा सुरू, आणि मध्येच याची बस दुसऱ्या रस्त्याने गेली. मागे स्टिल्सला तार. मजकूर काय तर ज्या गोष्टी उत्स्फूर्त सुरू होतात त्या तशाच संपतात, पीच खा. बस्स. बाकीचे कार्यक्रम बिचाऱ्याने एकट्याने निस्तरले.

खोचक

राजीनाम्यात 'पीच खा' लिहायचं धाडस माझ्यात असतं तर मी आज कोकणात बागायतदार असतो.

सानिका_७

मला एक विचारायचंय. 'हार्वेस्ट' त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेली रेकॉर्ड होती आणि 'हार्ट ऑफ गोल्ड' नंबर एकला गेलं. मग पुढच्या रेकॉर्डी एवढ्या उदास का? मी 'टुनाइट्स द नाइट' लावली आणि बंद केली, सूर पण धड नाहीत.

बे_एरिया_बंड्या

सानिका, इथे क्रेझी हॉर्सची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती गमतीची नाहीये.

१९६९ मध्ये नील एकटा पडला तेव्हा 'रॉकेट्स' नावाच्या एका बँडमधले तिघे त्याने उचलले: गिटारवर डॅनी व्हिटन, बासवर बिली टालबॉट, ड्रमवर राल्फ मोलिना. नाव ठेवलं क्रेझी हॉर्स. ओव्हरड्राइव्हने वर सांगितलेली ती तापातली गाणी याच तिघांबरोबरची. डॅनीचं गिटार आणि नीलचं गिटार एकमेकांशी बोलतात तसं पुढे कोणाबरोबर झालं नाही असं बरेच जण मानतात. पण डॅनी हेरॉइनच्या आहारी गेला. १९७२ च्या शेवटी 'हार्वेस्ट' नंतरच्या मोठ्या दौऱ्याची तालीम सुरू होती, डॅनीला गाणी आठवेनात. नीलने त्याला पन्नास डॉलर आणि विमानाचं तिकीट दिलं आणि परत पाठवलं. त्याच रात्री, १८ नोव्हेंबरला, डॅनी गेला. नशेचा अतिरेक. पुढच्या वर्षी रोडी (दौऱ्यावर वाद्यं-सामान सांभाळणारा) ब्रूस बेरी तसाच गेला.

मग हा माणूस तो दौरा करतो, लोक गोड गाणी ऐकायला आलेत आणि हा न ऐकलेली, ओरबाडलेली गाणी गातोय. 'टुनाइट्स द नाइट' १९७३ मध्ये टकीला पिऊन रात्री-रात्री रेकॉर्ड केली, कंपनीने दोन वर्षं ठेवली, १९७५ ला आली. सूर लागत नाहीत कारण ते सुतकात गातायत. रात्री एकट्याने परत लाव.

सानिका_७

हे माहीत नव्हतं. लावते परत.

ओव्हरड्राइव्ह

म्हणूनच 'पळून गेला' हा शब्द मला खटकतो. एका माणसाला त्याने बँडमधून काढलं आणि तो मेला. त्यानंतर ज्याला कुठल्याही बँडमध्ये जीव रमत नाही त्याला आपण पळपुटा म्हणणार?

मंद्र_पंचम

@ओव्हरड्राइव्ह, तुमचा मुद्दा कळतो, पण माँटेरे १९६७ चं, डॅनी गेला १९७२ ला. आधीपासूनची सवय नंतरच्या दुःखाने समजावता येत नाही.

ओव्हरड्राइव्ह

हं. ते बरोबर आहे.

खोचक

वातावरण जड झालंय म्हणून एक हलकं. याच्यावर कंपनीने खटला घातला होता, कारण काय तर हा स्वतःसारखा वाजत नाही! १९८३, गेफेन रेकॉर्ड्स. याने आधी 'ट्रान्स' काढली, सगळा यंत्रातून आलेला रोबोटचा आवाज. कंपनी म्हणाली अरे जरा रॉक अँड रोल दे. तर याने १९५० च्या दशकातल्यासारखं केसांना तेल लावून रॉक अँड रोल दिलं, जेमतेम पंचवीस मिनिटं, आणि त्यासाठी एक वेगळा बँड, 'शॉकिंग पिंक्स'. कंपनीने ३३ लाख डॉलरचा दावा लावला की या रेकॉर्डी नील यंगसारख्या नाहीत. पुढे मिटवलं आणि माफी मागितली.

आपल्याकडे हा नियम लावला तर निम्म्या कवींवर उलटा खटला भरावा लागेल: सारखे स्वतःसारखेच लिहितात म्हणून.

विनिपेगची_वैनी

खोचकभाऊ, 'ट्रान्स' वर लोक हसतात पण त्यामागचं कारण ऐका. त्याचा मुलगा बेन सेरेब्रल पाल्सीचा, बोलता येत नाही. मुलापर्यंत पोचायची बापाची धडपड आणि शब्द अर्धवट कळणं, तोच तो यंत्रातला आवाज. तेव्हा त्याने ते कोणाला सांगितलं नाही, शिव्या खाल्ल्या. पुढे १९८६ मध्ये बायको पेगीने अशा मुलांसाठी ब्रिज स्कूल उभी केली, आणि त्यासाठी जवळजवळ दर वर्षी मोठा कार्यक्रम करायचे, २०१६ पर्यंत. शिवाय नीलने मुलाला चालवता यावी म्हणून खेळण्यातल्या रेल्वेची वेगळी बटणं बनवली, त्यातून लायनेल कंपनीत भागीदार झाला.

माझ्या बहिणीचा मुलगा असाच आहे. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त गाणं पाठव म्हणाली.

अण्णा_पेणकर

वैनी __/\__

बे_एरिया_बंड्या

त्या ब्रिज स्कूलच्या कार्यक्रमाला मी होतो, ऑक्टोबर २०१०, माउंटन व्ह्यूला, मागे गवतावर सतरंजी टाकून, थंडीत कुडकुडत, डब्यात बायकोने दिलेल्या दशम्या. आणि मंचावर कोण? बफेलो स्प्रिंगफिल्ड. नील, स्टिल्स, फ्युरे. बेचाळीस वर्षांनी! पामर आणि मार्टिन तोवर वारले होते. मी ज्या बँडची गोष्ट वर एवढ्या चवीने सांगितली तो बँड माझ्या जन्माआधीच मोडलेला, आणि समोर ते तीन म्हातारे हसत गातायत. शेजारचा एक पांढऱ्या केसांचा गोरा माणूस पूर्ण वेळ रडत होता, त्याला मी दशमी दिली, त्याने खाल्ली.

आता काका, तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. पुढच्या वर्षी मोजके कार्यक्रम झाले, मोठा दौरा ठरत होता, आणि नीलने अंग काढून घेतलं. परत तेच.

एकओळी

पीच खा, भाग दोन.

कॅसेटवाला_काका

बंड्या, दशमीचा किस्सा वाचून मजा आली राव. पण म्हणजे मोडणाराच ना शेवटी?

ओव्हरड्राइव्ह

काका, आता माझं शेवटचं. मोडणारा असता तर क्रेझी हॉर्स कसा टिकला? डॅनी गेल्यावर त्याच्या जागी १९७५ च्या सुमारास फ्रँक 'पाँचो' सांपेड्रो आला, तो जवळजवळ चाळीस वर्षं. 'रस्ट नेव्हर स्लीप्स' १९७९, 'रॅगेड ग्लोरी' १९९०, तेच तिघे पाठीशी. पाँचो थांबला तेव्हा निल्स लॉफग्रेन आला, जो १९७० मध्ये अठरा वर्षांचा असताना याच्या 'आफ्टर द गोल्ड रश' वर पियानो वाजवून गेला होता (गिटारवाला असून पियानोला बसवला, हे पण नीलचंच डोकं). २०२४ च्या दौऱ्यात बास आणि ड्रमवर कोण? टालबॉट आणि मोलिना. ऐंशीच्या पुढचे. बँडमधल्या आजारपणामुळे दौरा मध्येच थांबला ती गोष्ट वेगळी. १९६९ ते २०२४! हे दोघं तांत्रिकदृष्ट्या काही फार मोठे वादक नाहीत, क्रॉस्बी त्यांची टिंगल करायचा. तरी हा परत त्यांच्याकडेच जातो.

मला वाटतं जिथे चार राजे एकत्र बसतात तिथे याचा श्वास कोंडतो. जिथे कोणी काही सिद्ध करायला बसलेलं नाही तिथे हा घरी येतो.

मंद्र_पंचम

म्हणजे साथीदार मिळाले तर राहतो, बरोबरीचे मिळाले तर जातो. हे त्याचं कौतुक आहे की तक्रार, ठरवा. टालबॉट-मोलिनाला मालकाशी भांडायची सोय नव्हती. स्टिल्सला होती.

ओव्हरड्राइव्ह

@मंद्र, टोचलं, पण उत्तर नाहीये माझ्याकडे.

विनिपेगची_वैनी

स्टिल्सचंही संपलेलं नाही हो. ऑटिझम असलेल्यांच्या मदतीसाठी स्टिल्सने केलेल्या कार्यक्रमात एप्रिल २०२३ मध्ये नील गेला आणि दोघांनी एकत्र वाजवलं. फोर्ट विल्यमपासून अठ्ठावन्न वर्षं धरा. क्रॉस्बीशी मात्र बोलणं तुटलेलंच राहिलं, तो जानेवारी २०२३ ला गेला.

सानिका_७

आणि आता नवा बँड पण काढलाय, 'क्रोम हार्ट्स', २०२५ मध्ये रेकॉर्ड आली. ऐंशीला टेकलेला माणूस नवीन बँड काढतोय आणि माझा व्हॉट्सअॅप ग्रुपसुद्धा टिकत नाही.

खोचक

या ग्रुपमधून बाहेर पडताना 'पीच खा' लिहा.

अण्णा_पेणकर

काल रात्री 'हार्वेस्ट' ऐकली. मग ते तापातलं 'डाउन बाय द रिव्हर' पण. आवाज अजून नाकातलाच आहे, पण दुसऱ्यांदा लावलं हे कबूल करतो. काका, आता तुमचं ते वाळवंटातल्या घोड्याचं गाणं शोधतोय, कुठल्या रेकॉर्डवर आहे? मला त्याच्या यादीत सापडेना.

कॅसेटवाला_काका

अहो तेच, वाळवंटातून चाललाय, घोड्याला नाव नाही. क्रेझी हॉर्सच्या काळातलं असणार ना.

ओव्हरड्राइव्ह

काका... बसून वाचा. 'अ हॉर्स विथ नो नेम' नील यंगचं नाही. 'अमेरिका' नावाच्या बँडचं आहे. आवाज इतका सारखा की तेव्हाही लोक फसले होते. आणि गंमत म्हणजे मार्च १९७२ मध्ये नीलच्या 'हार्ट ऑफ गोल्ड' ला नंबर एकवरून खाली ओढलं ते याच गाण्याने.

एकओळी

अर्रर्र.

मंद्र_पंचम

धागाकर्त्याचा स्वतःचाच बँड मोडला.

कॅसेटवाला_काका

आत्ता तपासलं. खरंच हो. म्हणजे पस्तीसहून जास्त वर्षं मी ज्या गाण्यामुळे नील यंगचा भक्त झालो ते त्याचं नाहीच. फुटपाथवाल्याने जागा उरली म्हणून भरलं असणार. बायकोला सांगितलं, ती म्हणाली तुम्ही तर लग्नाआधी मला हेच गाणं नील यंगचं म्हणून ऐकवलं होतं, आता काय करायचं.

मी म्हटलं, गोठा वाढव.

विनिपेगची_वैनी

वहिनींना नमस्कार सांगा :) आणि ती कॅसेट फेकू नका.

कॅसेटवाला_काका

फेकतोय कुठला. पेन्सिल घालून टेप गुंडाळतोय, बी साइड लावणार आहे.